सगळ्या फलाटांवर एकदम

माणसाने कोणाचे उपकार मानावेत याला काही धरबंद नाही. कोणी आईवडिलांचे मानतं, कोणी डॉक्टरांचे, कोणी सांगितल्या दिवशी खरोखरच आलेल्या प्लंबरचे. फलकबाई मात्र आजही संगणकातल्या एका खिडकीचे उपकार मानतात. त्याच खिडकीने भर बसस्थानकात त्यांची लाज काढली होती हे लक्षात घेतलं, तर त्यांच्या मनाचा मोठेपणा कोणालाही पटावा.

फलकबाई हे नाव नव्हे, काम. स्थानकाच्या वरच्या मजल्यावर काचेची एक खोली होती. तिथे बसून खालच्या प्रत्येक फलाटावरच्या फलकावर कुठली बस कधी सुटणार ते लिहायचं. हे सगळं चालायचं एका काळ्या खिडकीतून. म्हणजे पडदा काळा, त्यावर अक्षरं, आणि बाकी रामराम. चित्र नाही, बटण नाही, माउसला तर कोणी विचारत नव्हतं. हुकूम टाइप करायचा, एंटर मारायचं, खाली फलक बदलायचा. स्थानकातली मोठमोठी माणसं त्या खिडकीला बिचकत. एका चुकीच्या अक्षराने सगळ्या बसगाड्या पाताळात जातील अशी त्यांची समजूत होती, आणि फलकबाईंनी ती कधी दूर केली नाही.

त्यांना हे काम कोणी शिकवलं नव्हतं. त्या तेव्हा तिकीटखिडकीवर होत्या. दुपारचा डबा घेऊन वर यायच्या आणि आधीच्या काकांच्या पाठीमागे उभं राहून घास चावता चावता बघायच्या. मग काकांची नजर तपासणी झाली. फलक लिहिणाऱ्याला दरवर्षी भिंतीवरच्या तक्त्यातली तळची ओळ वाचून दाखवावी लागे. काकांना ती वाचता आली नाही. त्यांची बदली झाली हरवलेल्या वस्तूंच्या, म्हणजे बहुतेक छत्र्यांच्याच, खोलीत, आणि तेव्हापासून ते छत्रीकाका झाले. रिकाम्या खुर्चीत बसायला कोणी धजेना, म्हणून फलकबाई तात्पुरत्या बसल्या. त्या बसल्याच.

आता मात्र त्या खुर्चीखालची जमीन सरकू लागली होती. एक तर संगणकाला नवा पडदा आला. तो इतका उत्तम होता की त्यावरची अक्षरं मोहरीएवढी झाली. त्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "मोतीबिंदू आहे, पण अगदी कोवळा. ऑपरेशनची घाई नको, पुढच्या वर्षी बघू." आपल्या डोळ्यात काहीतरी कोवळं आहे याचं कौतुक वाटावं की भीती, हे फलकबाईंना ठरवता येईना. चष्मा बदलून झाला. जवळच्या चष्म्याला पडदा लांब पडे, लांबच्याला जवळ. मधल्या अंतरावर जे काही असतं त्याच्याशी जगातल्या कुठल्याच चष्म्याचा संबंध नसावा.

आणि मग तो गायनवर्गाचा प्रकार झाला. इंग्रजी आकड्यांतले तीन आणि आठ हे तसे जुळे भाऊच. फलकबाईंनी तीन नंबरच्या जागी आठ वाचला, आणि स्पर्धेला निघालेला एक अख्खा गायनवर्ग भलत्याच फलाटावर जाऊन उभा राहिला. चौकशीताईंनी लाउडस्पीकरवरून वेळेत हाक मारली म्हणून बरं. नाहीतर ती मंडळी वाद्यांसकट परक्या गावी जाऊन, कोणी न विचारता, गाऊन आली असती.

चौकशीताई म्हणजे खालच्या चौकशीच्या खिडकीतल्या बाई. स्थानकाचा लाउडस्पीकर त्यांच्या ताब्यात होता आणि फलकबाईंचं गुपितही. काळ्या खिडकीतून दोघी एकमेकींना निरोप लिहीत. बसबद्दल क्वचित, बाकी सगळ्याबद्दल नेहमी.

"अगं, सांगून टाक ना साहेबांना," त्या म्हणाल्या.

"सांगते. आणि उद्यापासून छत्र्या मोजते."

"मग घरी तरी सांग."

"घरी कशाला? त्यांना काळजी करायची फार हौस आहे. उगाच निमित्त कशाला द्या?"

पण सल्ला तर हवा होता. म्हणून फलकबाईंनी युक्ती काढली. आपलंच दुखणं "आमच्या ऑफिसातल्या एका बाईंचं" म्हणून त्या सांगत सुटल्या. घराच्या वर राहणाऱ्या मावशींनी त्या बाईंना गाजराचा रस, गार पाण्याचे हबके आणि सकाळी गवतावर अनवाणी चालणं सांगितलं, आणि त्या बाईंचे यजमान त्यांना फार चिडून तर बोलत नाहीत ना, हेही विचारून घेतलं. समोरचे निवृत्त गुरुजी म्हणाले, "त्यात काय एवढं? मोठं लिहा म्हणावं! मी आयुष्यभर फळ्यावर मोठंच लिहिलं." सगळे हसले. फलकबाईंच्या नवऱ्याचं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे जगातली प्रत्येक अडचण त्यांना काट्यासारखी दिसे. ते म्हणाले, "त्या बाईंना सांग, काटा चुकीचं दाखवायला लागला की आधी काट्याला दोष देऊ नये. आधी टेबल डुगडुगतंय का ते बघावं."

"आणि टेबल डुगडुगत नसेल तर?"

"तर त्यांनी घरी आपल्या माणसाला सांगावं," असं म्हणून ते पेपर वाचू लागले. फलकबाईंना हे उत्तर विषयाला सोडून वाटलं.

खरा मार्ग दाखवला तो नणंदेने. ही नणंद हवामानाच्या वेधशाळेत होती. पाऊस चुकला तर तिला कोणी बोलत नसे, पण भावजयीचं काही चुकलं तर ती स्वतः बोलल्याशिवाय राहत नसे.

"वहिनी, तुमच्या त्या बाई अजून जुन्याच टर्मिनलमध्ये आहेत का?" तिने फोनवर विचारलं.

"टर्मिनल म्हणजे?"

"म्हणजे तीच ती काळी खिडकी. इतकी वर्षं तिच्यात बसलात... म्हणजे बसल्यात त्या बाई, आणि नाव माहीत नाही? अहो, आता नवी टर्मिनलं आली आहेत. दोन कळा दाबल्या की अक्षर मोठं. अजून दाबा, अजून मोठं. अक्षराचं वळण बदलता येतं. शून्याच्या पोटात रेघ येते, म्हणजे त्याचा 'ओ' होत नाही. तीन तीनसारखा दिसतो, आठ आठसारखा. एकाच खिडकीत कप्पे करता येतात, भिंतीवर फळ्या ठोकाव्यात तसे. रंग बदलता येतात. मागे काय लिहिलं होतं ते शोधता येतं. खिडकी आरपारसुद्धा करता येते."

"आरपार कशाला?"

"कशाला ते विचारू नका. करता येते. आणि एक फार कामाचं आहे. एका कप्प्यात लिहिलं की सगळ्या कप्प्यांत एकदम उमटतं."

फलकबाईंना त्या सगळ्यातलं एकच वाक्य ऐकू आलं होतं. दोन कळा दाबल्या की अक्षर मोठं.

पण सरकारी संगणकात नवा प्रोग्राम घालणं म्हणजे परक्याच्या घरात खिळा ठोकण्यासारखं. त्यासाठी संगणक विभागाकडे अर्ज करावा लागे. त्या विभागात एक गृहस्थ होते. त्यांना सगळे बघूसाहेब म्हणत, कारण कुठल्याही प्रश्नाला ते "बघू" एवढंच उत्तर देत. अर्ज होता संगणकावर, तोही मोहरीच्या अक्षरांत. म्हणजे अक्षर दिसत नाही म्हणून करायचा अर्ज भरायला अक्षर दिसणं आवश्यक होतं. फलकबाईंनी पडद्याला नाक लावून तो भरला. एका जागी मात्र हात अडला. 'कारण.' खरं कारण लिहावं तर तपासणी, तक्ता आणि छत्र्या. त्यांनी जरा विचार केला आणि लिहून टाकलं: 'कार्यक्षमता वाढावी म्हणून.'

हा शब्द ऑफिसात जपून वापरावा. दिसायला साधा असतो, पण वरच्या लोकांच्या नजरेस पडला की तो घरी येऊन राहतो.

बघूसाहेबांनी बरेच दिवस बघितलं आणि एका दुपारी ते खरंच प्रोग्राम घालून गेले. ते गेल्यावर फलकबाईंनी दार लोटलं आणि दोन कळा दाबल्या. अक्षर वाढलं. पुन्हा दाबल्या. आणखी वाढलं. मोहरीचा हरभरा झाला, हरभऱ्याचं बोर झालं, आणि पडद्यावर ठळक, शांत, ओळखीचा असा एक आठ उभा राहिला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग आजूबाजूला कोणी नाही असं पाहून त्या पडद्याला नमस्कार केला. माणूस ज्या गोष्टीला घाबरून असतो ती अशी दोन बोटांनी टळते, हे त्यांना कोणी आधी सांगितलं नव्हतं.

इथे थांबल्या असत्या तर ही गोष्ट झालीच नसती. पण अर्जात कार्यक्षमता लिहिली होती, आणि फलकबाई खाल्ल्या मिठाला जागणाऱ्या. त्यांनी सगळंच शिकायला घेतलं. खिडकी आरपार करून पाहिली, तर मागे संगणकावर ठेवलेला ऑफिसचा सामूहिक फोटो दिसू लागला आणि सातची बस थेट व्यवस्थापक साहेबांच्या नाकावरून सुटू लागली. चूक झाली की जुनी खिडकी टुंग वाजे. ते बंद करून त्यांनी पडदा लखलखेल अशी सोय केली. पहिल्याच चुकीला खालून रखवालदार वाळूची बादली घेऊन धावत आला, कारण त्याला काचेतून वीज चमकलेली दिसली. रंगांचंही तेच. त्यांनी हौसेने असा हिरवा निवडला की दिवसभर आपण तळ्याच्या तळाशी बसलो आहोत असं वाटावं.

शेवटी बस्तान बसलं. प्रत्येक फलाटाला एक कप्पा, आणि कोपऱ्यात चौकशीताईंशी बोलायचा एक. ते 'एकदम सगळीकडे' प्रकरणही जमलं. ते चालू असलं की कोपऱ्यात एक लहानशी लाल खूण दिसे.

तेवढ्यात साहेब वर आले. "बाई, तुमची कार्यक्षमता मुख्य कार्यालयात पोचली बरं का! मोठ्या बाई स्वतः बघायला येताहेत. प्रात्यक्षिक द्यायचं."

"कोणी?"

"तुम्ही. तुमचीच ना कार्यक्षमता?"

मोठ्या बाई आल्या त्या दिवशी काचेच्या खोलीत साहेब होते, बघूसाहेब होते आणि खुर्च्या कमी होत्या. मोठ्या बाई उंच, कमी बोलणाऱ्या, आणि हसणं घरी ठेवून येणाऱ्या. फलकबाईंनी कप्पे दाखवले. मागचं शोधून दाखवलं. रंग दाखवला, हिरवा सोडून. मग 'एकदम सगळीकडे' चालू करून त्यांनी लिहिलं, 'प्रवाशांचे स्वागत', आणि एंटर मारलं. काचेतून सगळ्यांनी खाली पाहिलं. साऱ्या फलाटांवरच्या फलकांचा वरचा मजकूर एका दमात बदलला, तळची ओळ तेवढी राहिली. बघूसाहेबांच्या तोंडून "वा" निघून गेलं. तेवढ्याने त्यांचा शब्दसंग्रह दुप्पट झाला.

"छान," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण अक्षर एवढं मोठं कशाला? लहान केलं तर दुप्पट मजकूर मावेल. करून दाखवा."

साहेब पटकन म्हणाले, "हो हो, करा ना, बाई."

फलकबाईंनी दोन कळा दाबल्या. बोराचा हरभरा झाला. "अजून," मोठ्या बाई म्हणाल्या. हरभऱ्याची मोहरी झाली आणि सगळा पडदा धुक्यात गेला.

"आता चौथ्या कप्प्यातली खालची ओळ वाचा."

फलकबाई पडद्याकडे वाकल्या. "एक मिनिट हं, खाली जरा खात्री करून घेते," असं म्हणून त्यांनी अंदाजाने कोपऱ्यातला कप्पा गाठला. डोळे दगा देत असले तरी बोटांना कळा पाठ होत्या. त्यांनी भराभर लिहिलं, 'वाचव गं मला. अक्षरं लहान केली आहेत, मला काही म्हणजे काही दिसत नाही. मोतीबिंदू कळला तर छत्र्यांच्या खोलीत पाठवतील. घरीसुद्धा सांगितलेलं नाही. चौथ्या फलाटावर खाली काय लिहिलंय ते पटकन कळव.'

आणि एंटर.

लाल खूण कोपऱ्यातच होती. पण तीही मोहरीएवढी.

आधी खालचा गलका थांबला. बसस्थानकातला गलका थांबणं ही काही साधी गोष्ट नव्हे. बस पेटली तरी तो थांबत नाही. मग लाउडस्पीकर खरखरला आणि चौकशीताईंचा आवाज साऱ्या स्थानकावर घुमला, "अगं बये, लाल खूण! लाल खूण बघ! सगळ्या फलाटांवर जातंय!"

फलकबाईंनी खाली पाहिलं. चेहरे ओळखू येत नव्हते, पण सगळे वर वळले आहेत एवढं समजत होतं. हजारेक माणसांना एकाच वेळी आपला मोतीबिंदू माहीत असणं, हा अनुभव फार थोड्यांच्या वाट्याला येतो. त्यांना वाटलं, आता बदलीचा हुकूम निघायचीही गरज नाही. आपणच सरळ छत्र्यांकडे चालत जावं.

तेवढ्यात चौथ्या फलाटावरून कोणीतरी तोंडाशी हात धरून ओरडलं, "बाई! आम्हाला दिसतंय! तुम्ही लिहीत राहा!"

कोणीतरी हसलं. आणखी कोणीतरी ओरडलं, "चौथ्यावर खाली लिहिलंय, बस दहा मिनिटं उशिरा!" मग एका ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, त्याचं बघून दुसऱ्याने, आणि थोडा वेळ सगळं स्थानक नुसतं वाजत राहिलं.

फलकबाईंनी मान वर केली आणि मोठ्या बाईंना म्हणाल्या, "चौथ्या कप्प्यातली खालची ओळ. बस दहा मिनिटं उशिरा."

साहेबांनी डोळे मिटून घेतले.

मोठ्या बाईंनी खुर्ची ओढली, फलकबाईंच्या शेजारी बसल्या आणि विचारलं, "मोठं करायच्या कळा कुठल्या?"

फलकबाईंनी दाखवल्या. मोठ्या बाईंनी त्या स्वतः दाबल्या. मोहरीचा हरभरा, हरभऱ्याचं बोर.

"आता वाचा."

वाचायला पडद्यावर होतं काय, तर तेच. फलकबाईंनी आपलाच निरोप 'वाचव गं मला'पासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला. छत्र्यांच्या खोलीपाशीही त्या अडखळल्या नाहीत.

"दिसतंय की."

"दिसतंय."

"मग कार्यक्षमता कशाला लिहिलंत? अक्षर मोठं हवं आहे, असं सरळ लिहायचं होतं."

"सरळ लिहिलं असतं तर मिळालं असतं?"

मोठ्या बाई विचारात पडल्या. अधिकारी माणसं सहसा अशा वेळी घड्याळ बघतात. त्यांनी नाही बघितलं. "नाही," त्या म्हणाल्या. "तपासणीला पाठवलं असतं."

मग साहेबांकडे वळून त्यांनी तिथल्या तिथे हुकूम सांगितला. फलकलेखकाची नजर यापुढे भिंतीवरच्या तक्त्यावर तपासू नये. ज्या खुर्चीत, ज्या पडद्यावर आणि ज्या अक्षरात काम चालतं, तिथे तपासावी. ऑपरेशनच्या रजेनंतर खुर्ची फलकबाईंचीच. साहेब "अर्थात, अर्थात" म्हणत राहिले. बघूसाहेब बराच वेळ चुळबुळत होते. शेवटी त्यांनी हळूच विचारलं, "छत्रीकाकांनाही घालून देऊ का हा प्रोग्राम? आठवड्यातून एखादा दिवस ते तुमच्या खुर्चीत बसतील, तुम्हाला सुटी." बघू न म्हणता ते एवढं बोलले, आणि फलकबाईंचे डोळे भरून आल्यामुळे पुन्हा काही दिसेना.

मंडळी गेल्यावर त्यांनी आधी घाईघाईने 'एकदम सगळीकडे' बंद केलं, आणि मग निरोप पुसला. इथे पुन्हा एक गंमत झाली. आधी बंद केल्यामुळे पुसलं जाणंही एकदम सगळीकडे होईना. एकेक फलाट धरून पुसावं लागलं. मधेच आभार मानायला येणारे सुरू झाले. म्हणजे आभार मानायचे होते फलकबाईंनी, पण लोकच येऊन "बरं केलंत बाई, बोललात" असं म्हणत होते. एक आजी आपल्या डॉक्टरांचा पत्ता देऊन गेल्या. खालच्या चहावाल्याने पैसे घेतले नाहीत. या धांदलीत पाचवा फलाट राहून गेला.

पाचव्या फलाटावरून त्यांच्या घराकडची बस सुटायची.

संध्याकाळी काम संपवून त्या जिना उतरल्या तर फलकाखाली नवरा उभा. दुकान बंद करून ते रोज याच बसने जात, पण आज त्यांनी एक बस सोडलेली दिसत होती. मान वर करून वाचत होते.

"अहो," फलकबाई म्हणाल्या, "तो पुसायचा राहिला."

"घरीसुद्धा सांगितलेलं नाही, असं लिहिलंय," ते म्हणाले.

"हं."

"मग सांग."

साऱ्या गावाला एका एंटरमध्ये सांगून झालं होतं, आणि या एका माणसाला सांगायला शब्द फुटेना. त्यांनी पर्सचा पट्टा सारखा केला. पदर सारखा केला. आणखी सारखं करायला काही उरलं नाही तेव्हा म्हणाल्या, "मला नीट दिसत नाही हो."

"कधीपासून?"

"बरेच दिवस. तुम्ही काळजी कराल म्हणून..."

"ती तर मी कधीच सुरू केली होती," नवरा म्हणाला. "तू गोष्ट सांगायचीस त्या बाईंची, आणि चष्मा पुसायचीस स्वतःचा. एवढा काटा मलाही वाचता येतो."

फलकबाई हसल्या, आणि हसता हसता नाक पुसलं. मग एकदम ताठ झाल्या. "अहो, पण बस! लोक कधीचे उभे आहेत आणि फलकावर माझा मोतीबिंदू! थांबा, आलेच."

"आता कुठे पुन्हा जिना चढतेस? बस आली की कळतंच लोकांना."

"बस आल्यावर कळायचं असेल तर मी कशाला आहे?" असं म्हणून त्या वर गेल्याही.

खुर्चीत बसून त्यांनी पाचवा कप्पा उघडला, लाल खूण नाही हे बोट ठेवून पाहिलं, निरोप पुसला आणि बसची वेळ लिहिली. अक्षर ठळक होतं, पाचाचा पाच होता. एंटर मारून त्या काचेशी आल्या. खाली फलकासमोरच्या गर्दीतून कोणीतरी 'दिसलं' असं सांगायला हात उंच केला. फलकबाईंना चेहरा दिसला नाही, हातही धुरकटच दिसला. त्यांनी काचेतून आपला हात वर केला, दिवा मालवला आणि कठडा धरून, सावकाश, बस गाठायला खाली उतरल्या.